उपचार संपतात तिथून पुढे

१६ ऑक्टोबर १८६८ या दिवशी लंडनमध्ये हाइड पार्कजवळच्या एका घरात छोटी बैठक भरली. घर डॉ. थॉमस र्‍होड्स आर्मिटेज यांचं. आर्मिटेज व्यवसायानं डॉक्टर. पण नजर अधू होत गेली आणि त्यांना वैद्यकी सोडावी लागली. बैठकीपुढचा प्रश्न एकच होता : अंधांनी वाचायचं ते कोणत्या लिपीत? त्या काळी ब्रिटनमध्ये उठावाच्या अक्षरांच्या अनेक पद्धती एकमेकींशी झगडत होत्या. प्रत्येकीमागे तिचा कैवार घेणारी शाळा, छापखाना, दानशूर मंडळी. एका शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक हातात दिलं, तर ते त्याच्यासाठी कोरंच. देणगीदारांपैकी अनेकांचा ओढा उठावाच्या रोमन अक्षरांकडे होता, कारण ती त्यांना स्वतःला डोळ्यांनी वाचता येत. बोटांना ती किती जड जातात, हे बोटांनी वाचणाऱ्यांना फारसं कुणी विचारत नसे.

आर्मिटेज यांनी नियमच घातला. निर्णय घेणाऱ्या मंडळात डोळस माणूस नसेल. सभासदाला किमान तीन पद्धती बोटांनी वाचता आल्या पाहिजेत आणि त्यांतल्या एकीतही त्याचा पैशाचा संबंध असता कामा नये. सुमारे दोन वर्षं ही माणसं पद्धती ताडून पाहत होती. निकाल लागला तो लुई ब्रेल या फ्रेंच तरुणानं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तयार केलेल्या सहा टिंबांच्या लिपीच्या बाजूनं. ब्रेल स्वतः अंध होता. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगिरं शिवायच्या कारखान्यात हत्यार डोळ्यात गेलं आणि पुढे दोन्ही डोळे गेले. तो १८५२ मध्ये वारला. ज्या पॅरिसच्या शाळेत तो शिकला आणि शिकवत राहिला, तिनं त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. आर्मिटेज यांच्या घरातली ती मंडळी म्हणजे आज ब्रिटनमध्ये रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल या नावानं ओळखली जाणारी संस्था.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग या व्याख्यानमालेत सांगायचं कारण असं, की दृष्टी गमावलेल्यांसाठी काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेची उद्दिष्टं तपासायला तो आजही पुरतो. महाराष्ट्रात अशा संस्था जुन्या आहेत, आणि त्यांत जीव ओतून काम करणारी माणसं आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालांत काय छापलेलं असतं? किती शिबिरं, किती शस्त्रक्रिया, किती चष्मे, किती पांढऱ्या काठ्या, दिवाळीत फराळाची किती पाकिटं. हे सगळं लागतंच. पण यातला प्रत्येक आकडा देणाऱ्याच्या बाजूचा आहे. घेणाऱ्याच्या आयुष्यात काय बदललं, हे वेगळ्या प्रश्नानं कळतं : त्या माणसाला आता कोणती गोष्ट कुणाला न विचारता, कुणाची वाट न पाहता करता येते? आलेलं पत्र वाचणं, बस पकडणं, बँकेतून पैसे काढणं, परीक्षा लिहिणं, मत देणं. संस्थेचं उद्दिष्ट हे असावं, आणि ते ठरवणाऱ्यांत ज्यांची नजर गेली आहे अशी माणसं असावीत.

डोळे वाचवण्याच्या कामात आपल्या देशानं मोठी मजल मारली आहे, हे आधी मान्य करायला हवं. देवी हे एकेकाळी अंधत्वाचं मोठं कारण होतं; १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी मदुरैत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलं. पुण्यात तर पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन ही अंधांसाठी काम करणारी संस्थाच एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय चालवते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचं प्रमाण लोकसंख्येच्या ०.३६ टक्के आढळलं. २००६-०७ च्या पाहणीत ते १ टक्का होतं. मधल्या काळात व्याख्याही बदलली. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून मोजता येणारी बोटं ज्याला तीन मीटरवरूनही मोजता येत नाहीत, तो आता सरकारी व्याख्येत अंध. त्यामुळे हे दोन आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, पण प्रगती खरी आहे. त्याच पाहणीनुसार पन्नाशी ओलांडलेल्यांमधल्या अंधत्वाचं सुमारे दोन तृतीयांश कारण अजूनही मोतीबिंदू आहे. म्हणजे शस्त्रक्रिया झाली तर दिसू शकेल अशी माणसं आजही अंधारात आहेत. शिबिरांची गरज संपलेली नाही.

पण उरलेल्या एक तृतीयांशांचं काय? काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहानं पडद्याची हानी झाली की उपचार ती रोखण्यापुरते. रेटिनायटिस पिगमेंटोजा हा आनुवंशिक विकार ऐन उमेदीत हळूहळू नजरेचा घेर आवळत आणतो. अशा माणसाला एक दिवस तपासणीच्या खोलीत डॉक्टर सांगतात, आता यापुढे करण्यासारखं काही नाही. डॉक्टर खोटं बोलत नसतात. त्यांचं काम तिथे संपतं. बाहेर पुढचे चाळीस रुग्ण ताटकळत असतात. तो माणूस मुलाचा हात धरून जिना उतरतो, घरी येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी त्याला पलंगावरून उठू द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं. ‘तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना.’ प्रेमानंच म्हणतात. त्या प्रेमात सहा महिन्यांत माणूस स्वतःचा चहासुद्धा करायचा विसरतो.

संस्थेचं काम खऱ्या अर्थानं सुरू होतं ते या जिन्यावर.

ब्रिटनमध्ये यासाठी एक पद तयार झालं आहे. नेत्रविभागातच एक प्रशिक्षित कार्यकर्ता बसतो. निदान ऐकून बाहेर आलेल्या माणसाशी तो बोलतो : प्रमाणपत्र कसं मिळेल, नोकरी लगेच सोडू नका, भिंग कुठलं चालेल, घरी कोण आहे, रडू येतंय का. हे काम औषधोपचाराइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची रांग असते, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची प्रक्रिया असते, आणि बहुतेकांचा पुढच्या आयुष्याशी पहिला परिचय त्या रांगेत होतो. मागच्या-पुढच्या माणसाकडून कळलेलं खरं. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे हे रांगेत कळतं. पण पांढरी काठी वापरायला शिकावं लागतं, ते शिकवणारी माणसं असतात, मोबाइल सगळं वाचून दाखवतो, हे त्या रांगेत फारसं कुणाला माहीत नसतं. प्रत्येक मोठ्या नेत्रविभागाच्या दाराशी एक टेबल, आणि शक्य असेल तर त्या टेबलामागे स्वतः नजर गमावून सावरलेला माणूस. एवढं केलं तरी हजारो घरांतली ती सहा महिने वाया जाणारी सुरुवात टळेल.

त्या टेबलावर सांगायची एक गोष्ट तर कुणीच सांगत नाही. नजर बरीच गेलेल्या काही वृद्धांना नसलेली दृश्यं दिसू लागतात : भिंतीवर नक्षी, अंगणात लहान मुलं, रंगीत कपड्यांतली माणसं. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. स्विस शास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याची नोंद केली, म्हणून याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. हा वेडेपणा नाही, स्मृतिभ्रंश नाही, बाहेरची बाधाही नाही. पण घरातली आजी हे बोलत नाही. बोललं तर आपल्याला भ्रमिष्ट ठरवतील, किंवा देवऋष्याकडे नेतील, या भीतीनं ती ते पोटात ठेवते. दोन वाक्यांची माहिती मिळाली असती तर तिची झोप परत आली असती.

आणखी एक गैरसमज याच टेबलावर दूर व्हावा. अंध म्हणजे पूर्ण काळोख, असं समाज धरून चालतो. प्रत्यक्षात दृष्टी गमावलेल्यांपैकी बहुतेकांना काही ना काही दिसतं. ज्याच्या पडद्याचा मध्यभाग खराब झाला आहे, त्याला रस्त्यातला बाक दिसतो, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. ज्याच्या नजरेचा घेर आवळला आहे, त्याला घड्याळातले काटे दिसतात आणि पायाजवळची पायरी दिसत नाही. मग लोक म्हणतात, हा सोंग करतो. असा माणूस काठी हातात घ्यायला लाजतो, आणि काठी नसल्यामुळे पडतो. लो व्हिजन असलेल्यांना भिंग लागतं, चांगला उजेड लागतो, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा लागतो, काळ्या ताटात पांढरा भात लागतो. खर्च फार नाही. पण हे संस्थांच्या यादीत सहसा शेवटी येतं, कारण याचे फोटो काढता येत नाहीत.

आता वाचनाकडे वळू. दृष्टी गेलेल्या माणसाच्या स्वातंत्र्याचा पाया वाचनात आहे, आणि मराठी माणसाला यात लगेच करण्यासारखं पुष्कळ आहे.

विदर्भातले संत गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथरचना केली. ते ग्रंथ वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत. त्यांच्या प्रज्ञेबद्दल महाराष्ट्र आदरानं बोलतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्याभोवती वाचून दाखवणारी, लिहून घेणारी माणसं होती. ज्या शेतमजुराच्या मुलाचे डोळे त्याच काळात गेले, त्याच्याजवळ कोण बसलं असेल? अलौकिक माणसांच्या कथा सांगताना साध्या माणसाची गरज नजरेआड होते. संस्था असते ती साध्या माणसासाठी.

मुंबईत अंध मुलांच्या शिक्षणाची सुरुवात झाली ती १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी शाळा काढली. तीच आज दादरची मुलींची कमला मेहता अंधशाळा. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली, १९३४ मध्ये पुण्यात पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड. पण देशभरात ब्रेलचा गोंधळ आर्मिटेज यांच्या लंडनसारखाच होता. निळकंठराय ब्रेल वेगळी, कलकत्त्याची शाह ब्रेल वेगळी, ओरिएंटल ब्रेल आणखी वेगळी. १९५१ मध्ये युनेस्कोच्या प्रयत्नांतून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तत्त्व सुरेख आहे : उच्चार तोच, तर टिंबंही तीच. मराठी ‘क’, गुजराती ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ बोटाखाली एकसारखे लागतात. अंध मुलाला दुसरी भाषा शिकताना नवी लिपी शिकावी लागत नाही. डोळस मुलांना हे भाग्य नाही. मुंबईत स्वागत थोरात यांनी २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक चालवलं, तेव्हा ताजा मजकूर स्वतःच्या बोटांनी वाचण्याचं सुख मराठी अंध वाचकाला मिळालं.

मात्र ब्रेल लहानपणी शिकणाऱ्याची लिपी आहे. पन्नाशीत नजर गेलेल्या माणसाची बोटं तितकी तरबेज होत नाहीत. हे ओळखलं ते पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांनी. त्यांच्यातले कॅप्टन इयन फ्रेझर, सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले, यांनी बोलक्या पुस्तकांचा ध्यास घेतला आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिली पुस्तकं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निघाली. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’. तबकडीच्या एका बाजूला पंचवीस मिनिटांचं वाचन. ही निवड लक्षात ठेवण्यासारखी आहे. खून कुणी केला याची उत्सुकता. अंध माणसाला कोणत्याही माणसासारखं मजेनं वाचायचं असतं, हे ती पुस्तकं काढणाऱ्यांना कळलं होतं, कारण निवडणाऱ्यांत तशी माणसं होती.

मुंबईत १९ जानेवारी १९५२ रोजी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची स्थापना झाली. लोकांच्या तोंडी ती ‘नॅब’. या नॅबनं १९६३ मध्ये देशातलं बोलक्या पुस्तकांचं पहिलं ग्रंथालय उभं केलं. त्यानंतर कॅसेट आल्या, सीडी आल्या, डेझी या डिजिटल पद्धतीची पुस्तकं आली. २००३ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयात डॉ. सॅम तारापोरवाला यांच्या पुढाकारानं दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र निघालं आणि स्कॅनर, संगणक, स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर यांच्या आधारानं कितीतरी विद्यार्थी तिथे स्वतः वाचू लागले. कायद्यानंही साथ दिली. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रत करायला परवानगीची अट उरली नाही. २०१३ मध्ये मराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

एवढं सगळं असून मराठी अंध वाचक अडतो कुठे? फाँटपाशी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. मोबाइलमधलं टॉकबॅक मराठी बोलतं. पण हे सगळं युनिकोड या प्रमाणित पद्धतीतला मजकूर असेल तरच. आपली कितीतरी मराठी पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत जुळवली गेली. डोळ्यांना तिथे ‘सूर्य’ दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची रास असते आणि स्क्रीन रीडर तीच रास वाचत सुटतो. सरकारी परिपत्रकांची तऱ्हा दुसरी. सहीशिक्क्यासह कागद स्कॅन करून चित्र म्हणून चढवायचा. ज्या योजनेचा लाभ अंध माणसाला द्यायचा, त्याच योजनेचं परिपत्रक त्याला वाचता येत नाही. इथे ना निधीचा प्रश्न आहे, ना तंत्रज्ञानाचा. फाइल कशी साठवायची एवढाच प्रश्न आहे, आणि तो सोडवायला कुणी अडवलेलं नाही.

चालण्याबद्दल थोडक्यात. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी दृष्टी गेल्यावर १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली, ती वाहनचालकांना दिसावी म्हणून. पुढे अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी लांब काठी आणि ती डावीउजवीकडे फिरवत चालण्याचं तंत्र घडवलं. म्हणजे काठी देणं हे अर्धं काम; मोबिलिटीचं प्रशिक्षण हे उरलेलं. आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसालाही आपल्या शहरांचे पदपथ चालू देत नाहीत. पिवळ्या उठावाच्या फरशा बसवलेल्या असतात. त्या वाटेनं जाणारा माणूस कुठे विजेच्या खांबावर, कुठे झाडाच्या बुंध्यावर येऊन थडकतो. मुंबईच्या लोकलच्या फलाटांवर दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे सतत बीप वाजतो. एक साधा आवाज, आणि फलाटावर कुणाचा हात न धरता हजारो माणसं आपल्या डब्यापर्यंत पोचतात. अशी सोय करायची तर ज्याला तो डबा शोधायचा आहे त्याला आधी विचारावं लागतं.

कमाईची कहाणी जास्त कठीण आहे. विजय मर्चंट हे नाव महाराष्ट्राला फलंदाज म्हणून ठाऊक आहे. त्यांनी नॅबचं अध्यक्षपदही सांभाळलं आणि अंधांना कारखान्यांत काम मिळावं यासाठी गिरणीमालकांच्या वर्तुळात आपलं वजन खर्च केलं. जोगेश्वरीला नॅबचं बानाजी औद्योगिक गृह उभं राहिलं, गुजरातमध्ये फणसा इथे शेतीचं प्रशिक्षण केंद्र निघालं. त्या पिढीनं अंध माणसाला भिक्षेपासून दूर नेलं, याचं मोल मोठं आहे. पण खुर्ची विणणं, खडू आणि मेणबत्त्या, मग बँकांतले टेलिफोन ऑपरेटर, अशी ठरावीक कामं अंधांच्या नावे लागली. यंत्रं बदलली, टेलिफोन स्वतःच जोडले जाऊ लागले, आणि एक अख्खा मार्ग बंद झाला. लोकलच्या डब्यात किल्ल्यांचे जुडगे आणि पिना विकणारे कित्येक अंध तरुण पदवीधर असतात. एका कामाचं कसब शिकवण्यापेक्षा संगणक, इंग्रजी आणि मुलाखतीला बसण्याचं धैर्य देणं आज संस्थांच्या यादीत वर यायला हवं. पुण्यात मीरा बडवे यांच्या ‘निवांत’ संस्थेनं नेमकी हीच फट पकडली. अठराव्या वर्षी अंधशाळेचं वसतिगृह सुटलेली मुलं जातात कुठे, हा प्रश्न त्यांनी आपला मानला.

हक्काची भाषा ब्रिटनमधल्या अंध कामगारांनी फार आधी वापरली. एप्रिल १९२० मध्ये न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्स इथून अंध कामगारांचे जथे पायी लंडनला निघाले. हातातल्या फलकांवर मागणी होती : दान नको, न्याय द्या. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना त्यांना भेटावं लागलं आणि त्याच वर्षी अंध व्यक्तींसाठीचा कायदा झाला. पेन्शनचं वय सत्तरवरून पन्नासवर आलं. आपल्याकडे १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिलं, २०१६ च्या कायद्यानं ते ४ टक्के केलं आणि त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी राखला. तरी कागदावरून खुर्चीपर्यंतचं अंतर किती, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या अनुभवातून कळतं. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता शाळेत शिक्षण झालं. २०१६ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ होता. रेल्वेच्या लेखा सेवेनं पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून त्यांना नाकारलं. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या आणि आयएएस अधिकारी झाल्या. हे यश त्यांचं आहे. पण पहिल्या वर्षीचा तो नकार व्यवस्थेच्या खात्यावर कायम राहतो, कारण १२४ वा क्रमांक न मिळवू शकणाऱ्या प्रत्येक अंध उमेदवाराला तोच नकार भेटतो.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही. मध्य प्रदेशातला तसा नियम रद्द झाला. साधन गुप्ता हे अंध वकील १९५० च्या दशकात लोकसभेत बसले, पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. कायद्याचा इतका अनुभव देशाकडे असताना हे ठरायला २०२५ उजाडलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांची सुलभता हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिटा-उघडा असं सांगणाऱ्या ॲपपुढे अंध माणूस अडत होता. त्याला मिळालेली ही दाद होती.

खासगीपण हा शब्द अंधांच्या बाबतीत क्वचित उच्चारला जातो. स्वतःचं प्रेमपत्र, तपासणीचा अहवाल, बँकेतली शिल्लक, मतदान हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांतून जातं. मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेल अंक असतात, त्यामुळे अंध मतदार सोबती न घेता मत देऊ शकतो. पण केंद्रावरचे कर्मचारी कितीदा तरी आपणहून ‘सोबत कोण आहे?’ असंच विचारतात. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप आणलं; मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते ते सांगतं. नोटांवर उठावाच्या खुणाही आहेत, शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. नोट वापरून वापरून गुळगुळीत झाली की त्या बोटाला लागत नाहीत. नोटांच्या प्रश्नावर नॅब मुंबई उच्च न्यायालयात गेली. संस्थेनं न्यायालयात जाणं हेही उद्दिष्टांतच बसतं, आणि देणगीदारांनी त्या खर्चाला फराळाच्या पाकिटांइतक्याच मोकळ्या हातानं पैसे द्यावेत.

शेवटचा विषय, लेखनिकाचा. मुलं त्याला ‘रायटर’ म्हणतात. फेब्रुवारी-मार्च आला की प्रत्येक अंध विद्यार्थ्याच्या घरी एकच चौकशी असते : रायटर मिळाला का? २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटं जादा दिली, आणि स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणानं एक पायरी खालचा असावा अशी अट घातली. म्हणजे दहावीच्या मुलाला नववीतला मुलगा शोधायचा, ज्याची स्वतःची परीक्षा तोंडावर आहे. त्याला गणिताची चिन्हं कळली पाहिजेत, शुद्धलेखन बरं पाहिजे, आणि ऐन पेपरच्या सकाळी ताप येता कामा नये. वर्षभराचा अभ्यास दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. लेखनिक होणाऱ्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडं, त्यांची गरज आज आहे आणि उद्याही असेल. पण ज्या विद्यार्थ्याला संगणक येतो, त्याला स्क्रीन रीडरवर स्वतः पेपर लिहू द्यावा ही मागणी संस्थांनी प्रत्येक मंडळाकडे, प्रत्येक विद्यापीठाकडे लावून धरायला हवी.

या सभागृहात लेखक आहेत, प्रकाशक आहेत, शिक्षक आहेत, काही निवृत्त अधिकारी आहेत. सगळ्यांना एकदम लागू पडेल असं आवाहन करण्यात अर्थ नाही, म्हणून वेगवेगळं सांगतो. शिक्षकांनी आपल्या शाळेतल्या नववीच्या आणि अकरावीच्या मुलांची लेखनिकांसाठी यादी डिसेंबरमध्येच तयार करून जवळच्या अंधशाळेला कळवावी. अधिकाऱ्यांनी आपल्या जुन्या कार्यालयात शब्द टाकावा, की परिपत्रक स्कॅन करून नव्हे, मजकुराच्या रूपात संकेतस्थळावर चढवा. डॉक्टरांनी ‘करण्यासारखं काही नाही’ या वाक्यानंतर जवळच्या संस्थेचा फोन नंबर लिहून द्यावा. कुठल्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीत तिथे किती अंध सभासद बसले आहेत ते मोजावं, आणि नसतील तर आपली खुर्ची एकाला द्यावी. आणि लेखक-प्रकाशकांनी आपलं पुढचं पुस्तक छापायला जाईल त्याच दिवशी त्याची युनिकोड फाइल सुगम्य पुस्तकालयासाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे पोचवावी, म्हणजे ते पुस्तक मराठी अंध वाचकाला इतर वाचकांबरोबरच, त्याच आठवड्यात वाचायला मिळेल.